एका कामापासून सुरुवात करा : गावाच्या निधीचा माग काढण्याची पद्धत

ग्रामसभेत जमाखर्चाचं वाचन सुरू झालं की मंडपात कुजबुज वाढते. ‘पंधरावा वित्त आयोग, बंधित. आरंभीची शिल्लक इतकी, जमा इतकी, खर्च इतका, अखेरची शिल्लक इतकी.’ दोन-तीन मिनिटांत सगळी खाती वाचून होतात, ‘मंजूर आहे का?’ असं विचारलं जातं, पुढच्या रांगेतून ‘मंजूर’ असा आवाज येतो आणि विषय संपतो. अशा बऱ्याच सभांना मी बसलो आहे. आकडे लपवलेले नसतात, मोठ्याने वाचलेले असतात. पण ऐकणाऱ्याला त्या आकड्यामागचं गटार कुठलं, रस्ता कुठला हे ठाऊक नसल्यामुळे त्याच्या हाती काहीच लागत नाही.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती बरीच बदलली आहे. ग्रामपंचायतीने कोणतं काम आराखड्यात घेतलं, कोणत्या तारखेला किती पैसे दिले, हे घरबसल्या मोबाईलवर पाहता येतं. शासन निर्णय संकेतस्थळावर असतात, निविदांचे निकालही असतात. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. त्याच्या कलम ४ मध्ये तर स्पष्टच म्हटलं आहे की अंदाजपत्रक, प्रस्तावित खर्च आणि वाटलेल्या रकमांचा अहवाल कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करावा, म्हणजे लोकांवर अर्ज करण्याची वेळच कमी येईल. तरीही पारदर्शकता आली असं म्हणवत नाही, कारण हे सगळे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले आहेत. ते एकमेकांना जोडून पाहणारं कुणीतरी गावात असावं लागतं. ते कसं करायचं, हे इथे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीच्या संदर्भात सांगतो.

आधी एक काम निवडा

‘गेल्या पाच वर्षांचा सगळा हिशोब द्या’ असं म्हणून सुरुवात करणारे बहुतेक जण दोन महिन्यांत थकतात. शेकडो पानं हातात येतात आणि कशाशी काय ताडायचं तेच कळत नाही. म्हणून एकच काम घ्या. शक्यतो तुमच्या घराजवळचं, रोज डोळ्यांसमोर असणारं आणि मोजता येणारं: बंदिस्त गटार, काँक्रीट रस्ता, पेव्हर ब्लॉक, शाळेची संरक्षक भिंत. प्रशिक्षण, जनजागृती, किरकोळ दुरुस्ती असली कामं सुरुवातीला नकोत. त्यांची तपासणी अवघड असते, कारण जमिनीवर काही उभं राहत नाही.

कामाजवळ माहिती फलक आहे का ते पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. कामाचं नाव, योजना, मंजूर रक्कम, यंत्रणा, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी (काम खराब झालं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) एवढं त्यावर असायला हवं. फलक नसेल तर तीही नोंद करा, पुढे उपयोगी पडते.

पैसा कोणत्या वाटेने आला

ही पायरी चुकली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. गावातलं प्रत्येक काम ग्रामपंचायतीचं नसतं. गावात येणाऱ्या रस्त्याचं काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं असू शकतं, सार्वजनिक बांधकाम खात्याचं असू शकतं किंवा पंतप्रधान ग्रामसडक योजनेतलं असू शकतं. जलजीवन मिशनची टाकी आणि नळ यांची कागदपत्रं बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात मिळतात. अशा कामाबद्दल सरपंचांना धारेवर धरून उपयोग नाही, त्यांच्याकडे तो कागदच नसतो.

सर्वसाधारणपणे गावात पैसा येण्याच्या वाटा अशा. पहिली, ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं वगैरे. दुसरी, केंद्रीय वित्त आयोगाचा निधी. तिसरी, राज्याच्या योजना. यात ‘पंचवीस-पंधरा’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. २५१५ हे अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक आहे आणि गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. चौथी, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा. पाचवी, आमदार आणि खासदार यांचा स्थानिक विकास निधी. खासदारांना वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात आणि त्या कामांची नोंद २०२३ पासून ‘ई-साक्षी’ या प्रणालीत होते.

यातल्या वित्त आयोगाच्या निधीवर थोडं थांबू, कारण ग्रामपंचायतीच्या हातात थेट येणारा मोठा पैसा बहुतेक गावांत हाच. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ २०२१-२२ ते २०२५-२६ असा होता. महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला मिळत आला. त्यातही ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. एवढं माहीत असलं तरी पहिला प्रश्न जागेवरच विचारता येतो: बंधित निधीतून प्रवेशद्वाराची कमान कशी काय उभी राहिली? १ एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षं सोळाव्या वित्त आयोगाची आहेत. त्यामुळे त्या तारखेनंतरच्या कामाला जुनी टक्केवारी लावू नका. त्या वर्षाचा शासन निर्णय काढूनच बोला.

स्वतःच्या उत्पन्नाबाबतही असा एक साधा पडताळा आहे. ग्रामपंचायतीने त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वर्षाची करवसुली आणि या तीन बाबींवरचा खर्च एवढे चारच आकडे समोर ठेवा. माझ्या मते गावातला सर्वांत दुर्लक्षित हिशोब हाच आहे, आणि ज्यांच्यासाठी तो पैसा असतो त्यांनाच बहुधा त्याची कल्पना नसते.

ई-ग्रामस्वराजवर काय आणि कसं पाहायचं

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं हे पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालं. कुणीही ते उघडू शकतं, नाव नोंदवण्याची गरज नाही. शोधताना पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो आहे ना, एवढं बघा. मोबाईलवर ‘मेरी पंचायत’ ॲपमध्येही बरीचशी माहिती दिसते, पण ताळा करायचा असेल तर संगणक बरा.

पहिली अडचण गाव सापडण्याची. नावं इंग्रजी स्पेलिंगने असतात आणि ते स्पेलिंग आपण करतो तसंच असेल असं नाही. शिवाय एका जिल्ह्यात पिंपळगाव, वडगाव किती तरी. म्हणून आधी ‘लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी’ या सरकारी सूचीत आपल्या ग्रामपंचायतीचा क्रमांक शोधा. याला एलजीडी कोड म्हणतात. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाव चुकेल, हा क्रमांक चुकत नाही. गट ग्रामपंचायत असेल तर पोर्टलवर ग्रामपंचायतीचं नाव येतं, तुमच्या वाडीचं येईलच असं नाही, हेही लक्षात असू द्या.

मग आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत या क्रमाने आत जा. मेनूची मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे ‘इथे क्लिक करा, मग तिथे’ असं सांगत नाही. तुम्हाला हव्यात दोनच गोष्टी: नियोजन आणि लेखा.

नियोजनाखाली त्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा असतो, आपल्याकडे ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने जो करतात तोच. त्यात प्रत्येक कामाचं नाव, क्रमांक, योजना आणि अंदाजित रक्कम असते. पूर्ण आराखडा उतरवून घ्या. काम मूळ आराखड्यात होतं की नंतर पुरवणी आराखड्यात घुसवलं, हेही पाहा. नंतर घेतलेलं काम चुकीचंच असतं असं नाही, पूर आला, पाइपलाइन फुटली तर घ्यावंच लागतं. पण ते कोणत्या ग्रामसभेने मंजूर केलं, हा प्रश्न रास्त आहे.

लेखा विभागात योजनानिहाय जमा-खर्च आणि प्रमाणकं, म्हणजे व्हाउचर मिळतात. खरी माहिती इथे आहे. प्रत्येक प्रमाणकावर तारीख, रक्कम, कोणाला दिली आणि कशासाठी दिली हे असतं. वित्त आयोगाचे पैसे देताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंत आपण ज्यांना ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत होतो ते) या दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. त्यामुळे ‘मला माहीतच नव्हतं’ असं दोघांपैकी कुणालाच म्हणता येत नाही. सरपंचांची डिजिटल सहीची कळ (की) दुसऱ्याच कुणाकडे असते, असं मात्र बऱ्याच ठिकाणी घडतं. नव्या सरपंचांनी, विशेषतः पहिल्यांदाच निवडून आलेल्या भगिनींनी, ती कळ स्वतःच्या ताब्यात ठेवावी आणि सही करण्याआधी प्रमाणक वाचावं, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

एक सवय लावून घ्या. जे पान पाहिलं त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. नोंदी नंतर दुरुस्त होतात, पोर्टल बंद असतं, जुन्या वर्षाचं पान कधी उघडत नाही. ‘मी तेव्हा पाहिलं होतं’ याला सभेत किंमत नसते.

एक ताळा करून दाखवतो

माझ्या वहीत कामाला एक ओळ असते. रकाने असे: कामाचं नाव, योजना, वर्ष, आराखड्यातली रक्कम, मंजूर अंदाजपत्रक, देयकाची (बिलाची) रक्कम, प्रमाणकांची तारीखवार रक्कम, मोजमाप पुस्तिकेतलं (अभियंता झालेल्या कामाची मापं लिहितो त्या वहीतलं) माप, मी घेतलेलं माप, शेरा. संगणकावर तक्ता केला तर उत्तम, चारशे पानी वहीतही होतं.

एकदा या तक्त्यात दोन ओळी शेजारी आल्या. एका योजनेत ‘शाळा ते मारुती मंदिर रस्ता काँक्रिटीकरण’, दुसऱ्या योजनेत ‘मारुती मंदिर ते शाळा रस्ता काँक्रिटीकरण’. वर्ष एकच, रकमाही जवळजवळ सारख्या. एकाच रस्त्यावर दोनदा पैसे उचलले, असंच कुणालाही वाटेल. मलाही वाटलं, आणि त्याच संध्याकाळी मी चारचौघांत तसं बोलूनही गेलो. नंतर दोन्ही कामांच्या मोजमाप पुस्तिका मागवल्या तेव्हा दिसलं, एकीत साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, शून्य ते दीडशे मीटर आणि दुसरीत दीडशे ते दोनशे नव्वद. रस्ता एक, पण तुकडे दोन, आणि दोन्ही तुकडे जमिनीवर होते. कामाच्या नावात ‘भाग १’, ‘भाग २’ एवढं लिहिलं असतं तर कुणालाच शंका आली नसती. त्या दिवसापासून मी साखळी क्रमांक पाहिल्याशिवाय ‘दुबार काम’ हा शब्द तोंडातून काढत नाही. खरोखरची दुबार कामं असतात, आणि ती पकडायची जागाही हीच: नावं उलटसुलट करून, ‘रस्ता’च्या जागी ‘पाणंद’ घालून, वस्तीचं नाव बदलून तीच लांबी दोन योजनांत दिसते का, ते पाहायचं.

माप घेणं अवघड नाही. तीस मीटरचा टेप, सोबतीला एक माणूस आणि सकाळची वेळ. काँक्रीट रस्त्यात पैसा जातो तो घनमीटरवर, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी. समजा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अंदाजपत्रकात जाडी १५ सेंटिमीटर. काँक्रीट झालं ४५ घनमीटर. जागेवर जाडी १० सेंटिमीटरच भरली तर काँक्रीट पडलं ३० घनमीटर. वरून रस्ता अगदी तसाच दिसतो, लांबी-रुंदी बरोबर भरते, पण एक तृतीयांश माल गायब. म्हणून नुसती लांबी मोजून समाधान मानू नका. जाडी रस्त्याच्या कडेला, जिथे रस्ता संपतो त्या टोकाला किंवा नळजोडणीसाठी कापलेल्या चरात दिसते. तीन-चार ठिकाणी मोजा आणि टेप लावलेले फोटो काढा. जाडी मोजण्यासाठी स्वतः रस्ता फोडू नका, ते नुकसान तुमच्या अंगावर येईल. शंका असेल तर त्रयस्थ तपासणीची मागणी करा.

गटारात आतली रुंदी आणि खोली, भिंतीची जाडी आणि वरच्या झाकणांची संख्या मोजायची. पेव्हर ब्लॉकमध्ये क्षेत्रफळ आणि ब्लॉकची जाडी. दर रास्त आहे का हे पाहायचं असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची त्या वर्षाची राज्य दरसूची संकेतस्थळावर मिळते. अंदाजपत्रकातल्या बाबीचा क्रमांक घ्या आणि सूचीतला दर पाहा.

जे कागद पोर्टलवर नसतात

आराखडा आणि प्रमाणक एवढ्याने काम पूर्ण कळत नाही. मधले कागद कार्यालयात असतात. कामाचा जन्म ते शेवट असा क्रम डोक्यात ठेवा: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदा किंवा दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला). तारखा या क्रमाने पुढे सरकल्या पाहिजेत. कार्यारंभ आदेशाच्या आधीची मोजमापं किंवा पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर सुरू झालेलं काम दिसलं, तर रक्कम बरोबर असली तरी थांबून विचारा.

राज्याच्या निधीतल्या कामाला शासन निर्णय असतो. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग निवडून, तारखेने किंवा शब्दाने तो शोधता येतो. सोबतच्या परिशिष्टात तालुका, गाव, काम आणि रक्कम यांची यादी असते. या यादीतल्या रकमा बहुतेक वेळा लाखांत असतात. ‘१०.००’ म्हणजे दहा लाख. पोर्टलवर तीच रक्कम पूर्ण रुपयांत असते. या एका फरकामुळे किती तरी चुकीच्या पोस्ट गावच्या व्हॉट्सॲप गटावर फिरताना पाहिल्या आहेत. शासन निर्णयाचा सांकेतांक लिहून ठेवा, अर्जात तो घातला की समोरच्याला टाळाटाळ करायला जागा राहत नाही.

मोठ्या कामाची निविदा ‘महाटेंडर्स’ या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर असते. किती जणांनी निविदा भरली, कोण पात्र ठरलं, कोणत्या रकमेला काम गेलं हे तिथे पाहता येतं. सलग वर्षांत तीच तीन नावं येतात का, एकच रस्ता छोट्या छोट्या तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली ठेवला आहे का, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा.

बाकीच्या कागदांसाठी माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला शुल्क नाही, प्रतीला पानामागे २ रुपये. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. ही मर्यादा अडचण वाटते, पण एका कामाचा अर्ज तिच्यात छान बसतो. मी असा लिहितो:

विषय : सन २०२३-२४ मधील ‘जिल्हा परिषद शाळा ते समाजमंदिर बंदिस्त गटार’ या कामाची कागदपत्रे.
पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात :
१) प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश
२) मंजूर अंदाजपत्रक व नकाशा
३) कार्यारंभ आदेश व करारनामा
४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने
५) देयके व प्रमाणके
६) पूर्णत्वाचा दाखला व कामाचे फोटो
७) गुणवत्ता चाचणीचे अहवाल

यात ‘का’ कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ‘काम निकृष्ट का झालं?’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. कायद्याने तुम्हाला अस्तित्वात असलेला अभिलेख मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही. कागद मागा, कारण कागदातून आपोआप दिसतं.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. मुदत उलटून माहिती दिली तर ती मोफत द्यावी लागते. उत्तर नाही आलं किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, हे आधीच मनाशी धरून चाला. म्हणूनच मी शक्यतो प्रतींआधी अभिलेख पाहण्याची मागणी करतो. कायद्यात अवलोकनाचा हक्क आहे आणि नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. समोर बसून संचिका चाळली की नेमकी कोणती आठ पानं हवीत ते कळतं, आणि दोनशे पानांचा खर्च वाचतो. पोच मात्र प्रत्येक वेळी घ्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का मारून.

आकडे जुळले नाहीत तर

जुळणार नाहीत, हे धरूनच चला. आणि न जुळण्याची बरीच कारणं सरळ असतात. देयक एक लाखाचं आणि ठेकेदाराला गेले नव्वद हजार असं दिसलं तर मधल्या कपाती पाहा: आयकर, जीएसटी, १ टक्का कामगार उपकर, गौण खनिजाचं (वाळू, मुरूम वगैरेंचं) स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी, सुरक्षा ठेव. ही बेरीज प्रमाणकात वेगवेगळ्या नावांनी दिसते. काम मार्चमध्ये झालं आणि पैसे मे महिन्यात दिले, तर प्रमाणक पुढच्या आर्थिक वर्षात सापडतं. एकाच कामाला दोन योजनांतून पैसे लावले असतील तर दोन्हीकडची रक्कम एकत्र करावी लागते. पोर्टलवर नोंद करणाऱ्या संगणक परिचालकाने चुकीचं काम निवडलं, असंही होतं.

हे सगळं तपासूनही फरक उरला, तर तो फरक खरा. मोजमाप पुस्तिकेत ५० झाकणं आणि गटारावर ३८. अंदाजपत्रकात १५ सेंटिमीटर आणि चार ठिकाणी १० सेंटिमीटर. काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे आणि जागेवर काहीच नाही. अशा वेळी आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि शाखा अभियंत्यांना लेखी विचारा, भाषा साधी ठेवा: ‘मोजमाप पुस्तिकेत अमुक माप आहे, दिनांक अमुक रोजी जागेवर अमुक आढळलं, कृपया संयुक्त मोजणी करावी.’ ‘भ्रष्टाचार’ हा शब्द पहिल्या पत्रात नको. एकदा तो लिहिला की समोरचा बचावाला लागतो आणि मोजणी बाजूला राहते. मला आलेला अनुभव असा की संयुक्त मोजणीची तारीख ठरताच काही ठिकाणी राहिलेलं काम आठवडाभरात पूर्ण होतं. गावाला गटार मिळालं, हे काही कमी नाही. पण पत्र मागे घेऊ नका, नोंद राहू द्या.

उत्तर आलं नाही तर गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. सोबत स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल मागवा. तुम्ही काढलेला आक्षेप लेखापरीक्षकांनी आधीच काढलेला असतो आणि अनुपालन, म्हणजे त्यावर द्यायचं उत्तर आणि दुरुस्ती, नुसतं पडून असतं, असंही आढळतं. तसं असेल तर तुमच्या एकट्याच्या तक्रारीपेक्षा तो आक्षेप क्रमांक अधिक बोलतो.

एकट्याने जाऊ नका. हे केवळ सुरक्षिततेसाठी म्हणत नाही, तेही आहेच. गावात अर्ज करणाऱ्याला ‘हा विरोधी गटाचा’ असा शिक्का लगेच बसतो. दोन्ही गटांतले, बचतगटातल्या ताई, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक असे पाच-सहा जण मिळून टेप धरायला उभे राहिले की तो शिक्का चालत नाही. आणि कामं निवडताना आधीच्या सरपंचांच्या काळातलं एक आणि आताच्या काळातलं एक अशी घ्या.

ग्रामसभेत मांडायचं कसं

राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरमध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा मस्टर (मजुरांची हजेरीपत्रकं) आणि देयकं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कागदावर ज्यांच्या नावाने मजुरी होती ती माणसं समोर बसलेली होती, आणि आपण त्या कामावर गेलोच नव्हतो, असं त्यांनी तिथेच सांगितलं. माहिती अधिकाराच्या चळवळीला बळ मिळालं ते अशा वाचनातून. आपल्या ग्रामसभेतही तेच करता येतं. संपूर्ण जमाखर्चावर वाद घालू नका. एका कामाचा एक कागद तयार करा: वर कामाचं नाव, खाली चार ओळी. आराखड्यात इतके. दिले इतके, अमुक तारखांना. मोजमाप पुस्तिकेत इतकं. जागेवर इतकं. मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा आणि ज्यांच्या दारातून ते गटार जातं त्यांनाच वाचायला सांगा. शेजारच्या बाईने ‘आमच्या दारासमोर झाकण नाही’ असं सभेत उभं राहून सांगितलं, की त्याला पोर्टलच्या प्रिंटआउटपेक्षा वजन येतं.

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. विषय आयत्या वेळी मांडला तर ‘पुढच्या सभेत घेऊ’ म्हणतात, म्हणून नोटीस निघण्यापूर्वीच लेखी पत्र देऊन तो विषयपत्रिकेवर घालायला सांगा आणि पोच घ्या. सभेत ठरलेलं इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं जातं का, ते सभा संपायच्या आत वाचून घ्या. चार दिवसांनी त्याची प्रत मागा. प्रतीत तुमचा विषय नसेल तर त्याच आठवड्यात गटविकास अधिकाऱ्यांना कळवा, उशीर झाला की पुढची सभा ते इतिवृत्त कायम करून टाकते.

दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमाराला पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी सुरू होते. त्या सभेला जाताना जुनी वही सोबत न्या. मागच्या आराखड्यात घेतलेली आणि एक रुपयाही न पडलेली कामं त्यात खुणा करून ठेवलेली असतील, तर नव्या यादीची सुरुवात त्या कामांपासून करा असं सांगता येतं.